बास घुमू नये, ठोकावा: घरच्या घरी पोर्टेड सबवूफर कसा बनवावा

सबवूफर घरी बनवायचा म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: “सील्ड पेटी कर, पोर्ट काढलास की बास घुमणार.” सील्ड म्हणजे चहूबाजूंनी बंद पेटी, पोर्ट म्हणजे पेटीतून बाहेर उघडणारा पाईप. सल्ला अर्धाच खरा आहे. पोर्ट आहे म्हणून बास घुमत नाही, तो चुकीच्या सुरावर लावला म्हणून घुमतो. बाजारातल्या बऱ्याच तयार पेट्या आणि गाडीच्या डिकीतले खोके ४५-५० हर्ट्झच्या आसपास ट्यून केलेले असतात, कारण तिथे कमी वॉटमध्ये जास्त दणदणाट होतो आणि दुकानात गिऱ्हाईक खूश होतं. पण बास गिटार आणि किक ड्रमचा मुक्काम नेमका तिथेच. मग प्रत्येक ठोक्याला पोर्ट आपलाच एक सूर मिसळतो आणि सगळी गाणी एकाच ‘ढुंम्’मध्ये बुडतात.

यावरचा उपाय म्हणजे पोर्टचा सूर संगीताच्या मुख्य पट्ट्याखाली नेऊन बसवणं. घरात ऐकायच्या सबवूफरसाठी तो ३० हर्ट्झच्या जवळपास असावा. पेटीचं माप, पाईपची लांबी आणि वूफरची (पेटीतल्या खोल सुरांच्या स्पीकरची) निवड हे सगळं या एका निर्णयामागून येतं. खाली एका १० इंची वूफरचा पूर्ण हिशोब करून दाखवला आहे. तुमचा वूफर वेगळा असला तर आकडे बदला, क्रम तोच ठेवा.

पोर्ट नेमका करतो काय

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच ठरावीक सूर निघतो. बाटलीतली हवा स्प्रिंगसारखी दबते, मानेतली हवा वजनासारखी मागेपुढे हलते, आणि दोघांचा मिळून तो सूर ठरतो. पोर्टेड पेटीत बाटलीच्या जागी पेटी असते, मानेच्या जागी पाईप, आणि फुंकर मारायचं काम वूफरचं. पेटीच्या या सुराला एफबी म्हणतात.

एफबीवर गंमत होते. वूफरचा कोन, म्हणजे पुढेमागे हलणारा पडदा, जवळजवळ थांबतो आणि आवाजाचा मोठा वाटा पाईपमधून येतो. कोनला कमी हलावं लागतं म्हणून तिथे आवाज स्वच्छही असतो. एफबीच्या खाली मात्र चित्र उलटतं: पाईपमधली हवा आणि कोन एकमेकांच्या विरोधात काम करू लागतात. त्यामुळे सील्ड पेटीचा आवाज खाली जाताना दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरत असेल, तर पोर्टेडचा २४ डेसिबलने उतरतो. आणि कोनला धरून ठेवायला मागे हवेची गादी उरत नाही, तो मोकाट हलतो. हे लक्षात ठेवा, फिल्टरच्या वेळी लागेल.

घुमण्याचं मूळही इथेच आहे. पाईपमधली हवा एकदा हलायला लागली की सिग्नल थांबल्यावरही क्षणभर हलत राहते, आणि ती आपल्याच सुरात, म्हणजे एफबीच्या आसपास हलते. एफबी ३० ला ठेवलात तर हे रेंगाळणं जिथे गाण्यात फारसं काही नसतंच अशा ठिकाणी जाऊन पडतं. बास गिटारची सगळ्यात खालची तार साधारण ४१ हर्ट्झवर बोलते, आणि छातीत जाणवणारा ठोसा ५० ते १०० च्या पट्ट्यात असतो. या भागात पोर्टेड पेटी नीट वागली तर डोळे मिटून सील्डपासून वेगळी ओळखणं अवघड जातं.

ही कल्पना जुनी आहे. बेल लॅब्जच्या अल्बर्ट थुरास यांना तिचं पेटंट १९३२ मध्ये मिळालं. पण पुढची तीस वर्षं लोक पेट्या अंदाजानेच बनवत होते. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये तिचं गणित मांडलं आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड स्मॉल यांनी ते पूर्णत्वाला नेलं. वूफरच्या कागदावर जे ‘थील-स्मॉल पॅरामीटर’ छापलेले असतात, ते या दोघांचे.

वूफर: मॅग्नेटचे आउन्स विचारू नका

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत वूफर मागितलात तर दुकानदार मॅग्नेट किती आउन्सचं आणि ‘हजार वॉट’ हे दोन आकडे आधी सांगतो. या दोन आकड्यांवरून पेटी काढता येत नाही. ज्या वूफरचे थील-स्मॉल आकडे मिळत नाहीत तो कितीही स्वस्त असला तरी या कामासाठी घेऊ नका. आधीच घरात पडलेला असेल तर आकडे मोजून घेता येतात: एक रेझिस्टर, साउंड कार्ड आणि आरईडब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर एवढ्यावर भागतं.

चार आकडे बघायचे. एफएस म्हणजे वूफरचा स्वतःचा मोकळ्या हवेतला सूर. क्यूटीएस म्हणजे तो सूर किती आवरलेला आहे त्याचं माप: आकडा लहान, तितका मोटरचा (मॅग्नेट आणि कॉइलच्या जोडीचा) लगाम घट्ट. व्हीएएस म्हणजे वूफरच्या सस्पेन्शनइतकीच (कोनला धरून ठेवणाऱ्या लवचीक कडेइतकीच) लवचीक हवा किती लिटर. आणि एक्समॅक्स, म्हणजे कोन एका बाजूला किती मिलिमीटर शिस्तीत हलू शकतो.

चोख बाससाठी यातला निर्णायक आकडा क्यूटीएस. ०.३ ते ०.४ मधला वूफर पोर्टसाठी उत्तम. ०.५ च्या वर गेलात की कसाही पोर्ट काढा, ट्यूनिंगच्या वरच्या बाजूला उंचवटा येतो आणि बास फुगतो; तो वूफर सील्ड पेटीत सुखी राहील. झटपट कौल हवा असेल तर एफएसला क्यूईएसने भागा (क्यूटीएसच्या शेजारीच छापलेला, फक्त मोटरच्या लगामाचा आकडा). उत्तर १०० कडे झुकलं तर पोर्ट, ५० च्या खाली गेलं तर सील्ड.

‘मोठा वूफर संथ असतो’ हेही कानावर येईल. कोन जड असला तर त्याची कार्यक्षमता घटते, तितक्याच आवाजाला जास्त वॉट लागतात. ८० हर्ट्झच्या खालचं संगीत वाजवायला मात्र तो काही उशिरा निघत नाही. ठोक्याची धार ऐकू येते ती मुख्य स्पीकरमधून. सबने फक्त त्या धारेखाली वेळेवर वजन द्यायचं असतं.

आपल्या हिशोबातला वूफर असा: १० इंची, एफएस २८ हर्ट्झ, क्यूईएस ०.३६, क्यूटीएस ०.३३, व्हीएएस ६० लिटर, एक्समॅक्स १० मिमी. २८ भागिले ०.३६ म्हणजे जवळपास ७८. पोर्टकडे झुकलेला, चालेल. दुहेरी व्हॉइस कॉइलचा वूफर असेल तर जोडणी आताच ठरवा: ४ आणि ४ ओहम पॅरलल जोडले की २ ओहम होतात, आणि पुष्कळ ॲम्प्लिफायर २ ओहमला हात टेकतात.

पेटी किती लिटरची

सॉफ्टवेअरकडे धावण्याआधी कॅल्क्युलेटरवर एकदा हात फिरवा, म्हणजे विनआयएसडीने (पेटीचा हिशोब करणाऱ्या सॉफ्टवेअरने) काही भलतंच दाखवलं तर ओळखता येईल. सपाट प्रतिसादासाठी ही तीन सूत्रं जुनीच आहेत आणि मोबाइलवर करता येतात:

पेटीचे लिटर = १५ × व्हीएएस × (क्यूटीएसचा २.८७ वा घात)

एफबी = ०.४२ × एफएस ÷ (क्यूटीएसचा ०.९ वा घात)

आवाज ३ डेसिबलने उतरतो तो बिंदू = ०.२६ × एफएस ÷ (क्यूटीएसचा १.४ वा घात)

आपल्या वूफरचे आकडे घातले की पेटी ३७ लिटरच्या थोडी वर, एफबी ३२ हर्ट्झ आणि उतार ३४ हर्ट्झपासून. ३८ लिटर धरू. याच वूफरचा क्यूटीएस ०.३८ असता तर पेटी ५६ लिटरवर गेली असती आणि एफबी २८ वर, म्हणजे आकड्यातल्या पाच शतांशांनी पेटी दीडपट केली असती. म्हणूनच ‘दहा इंचीला अमुक लिटर’ असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्यावं.

इथे एक मोह होतो. विनआयएसडीमध्ये पेटी मोठी करत गेलं की आलेख खाली सरकतो, २५ हर्ट्झपर्यंत बास दिसतो आणि हात शिवशिवतात. पेटी जितकी मोठी तितकी कोनमागची हवा सैल, कोन जास्त हलतो आणि एक्समॅक्स लवकर ओलांडतो. सूत्राने दिलेल्यापेक्षा पेटी दहा टक्के लहान झाली तरी बिघडत नाही, वाढवताना मात्र दहादा विचार करा. आलेखाबरोबर सॉफ्टवेअरमधलं ग्रुप डिलेचं, म्हणजे कुठला सूर किती उशिरा निघतो त्याचं, पानही उघडा. त्यातला डोंगर ४० हर्ट्झच्या डावीकडे असला की काम झालं.

पाईप: सगळ्यात जास्त डोकं इथे लावा

पाईपची लांबी अशी निघते. व्यास आतला, सेंटिमीटरमध्ये:

लांबी = (२३५६२ × व्यास × व्यास) ÷ (एफबी × एफबी × लिटर) − (०.७३ × व्यास)

आपल्याकडे नळाच्या दुकानात मिळणारे पीव्हीसी पाईप बाहेरच्या मापाने विकले जातात: ७५, ९० आणि ११० मिमी. आतला व्यास जाडीनुसार बदलतो, तेव्हा स्केल घेऊन जा आणि मोजा. तो अनुक्रमे ७, ८.४ आणि १०.४ सेमी धरला तर ३८ लिटर आणि ३२ हर्ट्झसाठी लांबी येते साधारण २४.५, ३६.५ आणि ५८ सेमी.

साहजिकच सगळ्यांना साडेचोवीसचा आवडतो, पेटीत सहज बसतो. तो घेऊ नका. सबपासून एक मीटरवर ३२ हर्ट्झला १०५ डेसिबल मिळवायचे तर पाईपमधून हवेची ठरावीक मात्रा जा-ये करावीच लागते. ११० च्या पाईपमध्ये तिचा वेग शिखरावर सेकंदाला १५ मीटरच्या आसपास जातो. ९० च्या पाईपमध्ये २४, आणि ७५ च्या पाईपमध्ये ३४. साधारण १७ मीटरपर्यंत पाईप गप्प बसतो, त्यापुढे काठांवर हवा फाटते आणि ठोक्याबरोबर ‘फस्-फस्’ ऐकू येतं. आवाज आणखी वाढवला की पाईप चोंदतो, पोर्ट असून नसल्यासारखा होतो. ठोसा हवा असेल तर इथे कंजूषी नको: ११० चाच पाईप, आणि पेटी त्याच्यासाठी वाकवायची.

५८ सेमीचा पाईप सरळ बसणार नाही, तेव्हा एक एल्बो लावून काटकोनात वळवायचा. लांबी पाईपच्या मधल्या रेषेवरून मोजायची. आतलं टोक त्याच्या तोंडासमोर येणाऱ्या फळीपासून किमान पाईपच्या व्यासाइतकं, म्हणजे १० सेमी तरी दूर हवं, नाहीतर ट्यूनिंग घसरतं. बाहेरचं तोंड गोलाई दिलेलं असावं, आतलंही असलं तर उत्तम. त्याची सोपी युक्ती पुढे फळीच्या कामात येईलच.

या लांबीच्या पाईपला बासरीसारखा स्वतःचाही एक सूर असतो, २६० हर्ट्झच्या जवळपास. सब ८० ला कापला, म्हणजे त्याला ८० हर्ट्झच्या वरचं दिलंच नाही, की तो सूर जागा होत नाही. ‘थोडं १५० पर्यंत वाजू दे’ म्हणणाऱ्यांच्या घरी पुरुष गायकाचा आवाज डब्यातून आल्यासारखा का येतो, त्यामागे बऱ्याचदा हाच पाईप असतो.

मापं

३८ लिटर ही निव्वळ हवा झाली. त्यात पाईपने अडवलेली सव्वापाच लिटर, वूफरच्या मागच्या भागाची सुमारे दोन, आणि आतल्या आधाराच्या पट्ट्यांची दीड मिळवा: पेटी आतून ४७ लिटरची हवी. पाईप वळून मावावा म्हणून ती उभी ठेवू: आतून रुंदी २८, उंची ४९, खोली ३४.५ सेमी.

वूफर समोर वरच्या बाजूला. पोर्टचं तोंड त्याखाली, पाईपचा मध्य आतल्या तळापासून साडेआठ सेमीवर. पाईप आत सरळ मागे जातो, समोरच्या फळीच्या आतल्या बाजूपासून २६ सेमीवर एल्बोचा मध्य येतो, आणि तिथून पाईप वर वळतो. वूफरचं मॅग्नेट साधारण १५ सेमी आत येतं, उभा पाईप साडेवीसपासून सुरू होतो. मध्ये पाचेक सेमी मोकळे राहतात आणि ते वाया जाणार नाहीत: तिथे दोन बाजूंना जोडणारी आडवी पट्टी येईल.

१८ मिमीच्या प्लायचे तुकडे असे कापून घ्या: ३१.६ × ५२.६ सेमीचे तीन (मागचा एक, पुढचे दोन), ३१.६ × ३४.५ चे दोन (वर आणि खाली), ४९ × ३४.५ चे दोन (बाजू). आठ बाय चारची अर्धी शीट, म्हणजे चार बाय चारचा तुकडा पुरतो आणि आधाराच्या पट्ट्याही त्यातच निघतात. प्लायच्या दुकानात किंवा टिंबर मार्केटमध्ये मशीनवर कापून मिळत असेल तर पैसे खर्च करा. हातकरवतीने कापलेल्या कडा एकमेकांना नीट भिडत नाहीत आणि फटीतून हवा शिट्ट्या मारते.

एमडीएफ की प्लाय? आवाजासाठी एमडीएफला नावं ठेवायचं कारण नाही. पण कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात खालची कड एकदा ओली झाली की एमडीएफ पावासारखा फुगतो आणि पुन्हा बसत नाही. किनारपट्टीवर राहत असाल तर आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय घ्या. पुण्या-नागपूरकडे कडांना सीलर लावून एमडीएफ चालून जाईल.

जोडणी

समोरची फळी दुहेरी ठेवायची, म्हणून पुढचे तुकडे दोन. आतल्या फळीत पोर्टसाठी पाईपच्या बाहेरच्या मापाचं भोक, त्यात पाईप घट्ट बसतो. बाहेरच्या फळीत पाईपच्या आतल्या मापाचं भोक, आणि त्याच्या बाहेरच्या कडेला राउटरने १८ मिमीची गोलाई. पाईप आतून येऊन बाहेरच्या फळीला टेकतो आणि फळीच भोंग्यासारखं तोंड होते. विकतच्या प्लॅस्टिकच्या फ्लेअरपेक्षा हे भक्कम आणि दिसायलाही बरं. लांबीत फळीची जाडी धरायची, पण गोलाईचा भाग निम्माच मोजायचा.

वूफरचं भोक कागदावर छापलेल्या मापाने काढा, वूफर उलटा ठेवून पेन्सिल फिरवून नव्हे. स्क्रू थेट लाकडात पिळण्यापेक्षा मागून टी-नट (लाकडात रुतून बसणारं आट्यांचं नट) बसवा, कारण ट्यूनिंगच्या वेळी वूफर काढावा-घालावा लागणारच आहे.

फळ्या फेव्हिकॉल आणि स्क्रूने जोडा. मागची फळी सोडून सगळं उभं झालं की आतल्या प्रत्येक सांध्यावर पुन्हा फेव्हिकॉलचा जाड ओघळ सोडून बोटाने पसरवा आणि रात्रभर वाळू द्या. आता ती आडवी पट्टी: २८ सेमी लांब, चारेक सेमी रुंद, दोन्ही बाजूंच्या मधोमध, मॅग्नेट आणि उभ्या पाईपच्या मधल्या जागेत. पाईपही तिलाच क्लॅम्पने बांधा, मोकळा पाईप खडखडतो. मागच्या फळीला मधून एक उभी पट्टी द्या. बोटाच्या पेराने प्रत्येक बाजू ठोकून बघा. ‘टक्’ असा कोरडा आवाज यायला हवा, डफासारखा नव्हे.

आत तीन बाजूंना इंचभर जाडीचा फोम किंवा पॉलिएस्टर वॅडिंग चिकटवा, बस्स. सील्ड पेटीसारखी गच्च भरलीत तर पोर्टचा जीव जाईल. पाईपच्या आतल्या तोंडाजवळ वीतभर काहीच नको.

ॲम्प्लिफायर पेटीत बसवणार असाल तर त्याला स्वतंत्र बंद कप्पा करा आणि तितके लिटर वाढवा. २३० व्होल्टची वायर, फ्यूज आणि अर्थिंग यांत हयगय नको. सवय नसेल तर तेवढं काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. पेटीबाहेर वेगळा ॲम्प्लिफायर ठेवणं मला केव्हाही जास्त पटतं, दुरुस्तीला पेटी उघडावी लागत नाही. रंग, लॅमिनेट, व्हीनियर जे आवडेल ते करा, आवाजाला फरक पडत नाही.

टिकली आणि उदबत्ती

पाईप मुद्दाम पाचेक सेमी लांब ठेवा, मग कापत यायचं. कापताना घाबरू नका: या पेटीत ५ सेमीने एफबी जेमतेम सव्वा हर्ट्झ सरकतो.

ट्यूनिंग बघायला कोनवर एक पांढरी किंवा चकचकीत टिकली लावा. मोबाइलवर टोन जनरेटर ॲप घ्या, तो ॲम्प्लिफायरला जोडा आणि आवाज इतकाच ठेवा की ५० हर्ट्झला कोन हललेला जेमतेम दिसेल. आता एकेक हर्ट्झ खाली या आणि टिकलीकडे बाजूने बघत राहा. ४५ ला ती ओढल्यासारखी पट्टी दिसते, ३८ ला पट्टी आखूड होते, आणि एका आकड्यावर टिकली पुन्हा गोल, स्थिर दिसते, तर पाईपसमोर धरलेल्या हाताला वारा लागतो. तोच तुमचा एफबी. आणखी खाली गेलात की टिकली पुन्हा पसरते आणि या वेळी झपाट्याने. तिथे आवाज वाढवू नका. इम्पिडन्स (वूफरचा विजेला होणारा विरोध) मोजायची सोय असेल तर आलेखात दोन शिखरं दिसतील, त्यांच्यामधली दरी म्हणजे एफबी.

३१ ते ३३ मध्ये कुठेही आलं तरी चालेल. दशांशासाठी पाईप कापत बसू नका.

गळती शोधायला ४० हर्ट्झचा टोन लावून पेटवलेली उदबत्ती सांध्यांवरून हळूहळू फिरवा, वूफरच्या कडेने आणि वायरच्या टर्मिनलजवळूनही. धुराची रेघ जिथे थरथरते तिथे हवा गळते. टर्मिनलचा प्लॅस्टिक कप हा नेहमीचा संशयित. त्याच्याखाली फोमची पट्टी घाला.

फिल्टर आणि ॲम्प्लिफायर

या वूफरला घरात १५० ते २०० वॉट पुष्कळ झाले. वॉटपेक्षा महत्त्वाचं आहे ते खालून कापणारं फिल्टर, ज्याला सबसॉनिक म्हणतात. एफबीखाली कोन मोकाट सुटतो हे वर आलंच आहे; सिनेमातला एखादा २० हर्ट्झचा स्फोट कॉइलला मागच्या प्लेटवर आपटवू शकतो. २६ हर्ट्झच्या आसपास हे फिल्टर लावा. ॲम्प्लिफायरमध्ये सोय नसेल तर छोटा डीएसपी बोर्ड (सिग्नलवर डिजिटल फिल्टर लावणारा) घ्या, तो पुढे खोलीसाठीही लागणार आहे. ‘बास बूस्ट’चा नॉब शून्यावर. वरून ८० हर्ट्झला, २४ डेसिबलच्या उताराने कापा आणि मुख्य स्पीकरनाही ८० च्या खालचं देऊ नका. दोन्हीकडून तेच सूर वाजले की ठोसा मऊ पडतो.

खोली

इथवर सगळं बरोबर केलं तरी बास घुमू शकतो, आणि तेव्हा दोष पेटीचा नसतो. आपल्या खोल्या विटांच्या नाहीतर काँक्रीटच्या, खाली फरशी, वर स्लॅब. लाकडी चौकटीवर पातळ बोर्ड ठोकलेल्या भिंती थोड्या लवतात आणि बास पिऊन टाकतात. आपल्या भिंती सगळा बास परत करतात. भिंतींमधल्या अंतरानुसार एक सूर ठरतो: आवाजाचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरून त्याला अंतराच्या दुपटीने भागायचं. दहा फूट, म्हणजे ३.०५ मीटर, तर ५६-५७ हर्ट्झ. बारा फूट तर ४७. दहा बाय दहाची खोली आणि स्लॅबही साडेनऊ-दहा फुटांवर असेल तर तिन्ही दिशा जवळजवळ एकाच सुरावर गुंजतात, तेही नेमक्या ठोशाच्या पट्ट्यात. सबवूफरसाठी यापेक्षा वाईट खोली शोधून सापडायची नाही, आणि फ्लॅटमधली दुसरी बेडरूम बहुतेक अशीच असते. निवड असेल तर लांबट हॉल घ्या.

जागा ठरवायला सब स्वतःच्या बसायच्या ठिकाणी, सोफ्यावरच ठेवा. एखादी बास गिटारची चाल पुन्हा पुन्हा वाजवा आणि भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यांवर रांगत ऐका. घरचे हसतील, हसू द्या. जिथे सगळे सूर सारख्याच उंचीचे लागतील तिथे सब ठेवा. कोपऱ्यात आवाज सगळ्यात मोठा मिळतो आणि बहुतेक वेळा सगळ्यात वाईट.

मग डग्गा लावा. तबल्याचं एखादं सोलो, ज्यात डाव्या हाताचा घिस्सा भरपूर आहे. डग्ग्याचा सूर मनगटाच्या दाबाने सरकत वर चढतो, आणि चढताना कुठल्याही एका जागी तो अचानक फुगला किंवा गायब झाला तर दोष तिथे आहे हे कान लगेच सांगतो. टोन जनरेटरने तो आकडा शोधा, डीएसपीवर तेवढीच फ्रिक्वेन्सी अरुंद पट्ट्यात ४ ते ६ डेसिबल खाली करा. खोलीचे उंचवटे कापता येतात. खड्डे भरायला जाऊ नका, तिथे कितीही वॉट ओतले तरी खोली ते खाऊन टाकते. मोजायचा माइक आणि आरईडब्ल्यू असेल तर हेच काम पंधरा मिनिटांत होतं.

शेवटी फेज, म्हणजे सब आणि मुख्य स्पीकर यांची हालचाल एकाच वेळी जुळवणं. ८० हर्ट्झचा टोन सब आणि मुख्य स्पीकर दोन्हींतून वाजवून नेहमीच्या जागी बसा आणि दुसऱ्या कुणाला फेजचा स्विच किंवा डिलेचा आकडा बदलायला सांगा. जिथे आवाज सगळ्यात मोठा तिथे थांबा. त्यानंतर सबची पातळी अशी लावा की सब बंद केल्यावरच तो चालू होता हे कळावं. दोन दिवस ऐका आणि तिथून आणखी दोन डेसिबल कमी करा, कारण नवा सब पहिल्या दिवशी प्रत्येकाच्याच घरी गरजेपेक्षा मोठा लागलेला असतो.